सीमा बंद असताना सेवाप्रधान देश कसा तगतो : मॉरिशस, मार्च 2020 ते ऑक्टोबर 2021

1 जुलै 2020 रोजी जागतिक बँकेने मॉरिशसचे नाव उच्च उत्पन्न असलेल्या देशांच्या यादीत घातले. ही वर्गवारी 2019 च्या आकड्यांवर ठरलेली होती. दरडोई राष्ट्रीय उत्पन्न 12,740 डॉलर आणि यादीत प्रवेशासाठी लागणारी रक्कम 12,535 डॉलर, म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडला गेला होता. ज्या दिवशी हा मान मिळाला त्या दिवशी कोविडच्या साथीमुळे देशाची सीमा बंद होऊन तीन महिने उलटले होते, समुद्रकाठची हॉटेले रिकामी होती आणि राष्ट्रीय विमान कंपनीचा कारभार दिवाळखोरी टाळण्यासाठी नेमलेल्या प्रशासकांच्या हाती होता. बरोबर एका वर्षाने, 1 जुलै 2021 रोजी, हे नाव पुन्हा उच्च-मध्यम उत्पन्न गटात आले. या दोन तारखांच्या मागेपुढे काय घडले, हा या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे.

हे प्रकरण मी इंदूरमध्ये वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या एका लहान अभ्यास गटासाठी तयार केले. गटातील बहुतेक मुले रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या मराठी घरांतली आहेत. मॉरिशसची निवड करण्याचे एक कारण भावनिक होते, हे मान्य केले पाहिजे. रत्नागिरीच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पण खरे कारण आकाराचे आहे. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याच्या आसपास. लोकसंख्या सुमारे 12 लाख 60 हजार, म्हणजे 2011 च्या जनगणनेतील इंदूर शहरापेक्षाही कितीतरी कमी. एवढ्या लहान अर्थव्यवस्थेत एका क्षेत्राला बसलेला धक्का दुसऱ्या क्षेत्रापर्यंत कसा पोहोचतो, हे आकड्यांवर बोट ठेवून दाखवता येते. भारतासारख्या देशात तोच धक्का सरासरीत विरघळून जातो.

साखर, कापड आणि मग सेवा

1968 मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मॉरिशसच्या निर्यातीच्या उत्पन्नात साखरेचा वाटा 90 टक्क्यांहून अधिक होता. त्याच्या आधी, 1961 मध्ये, पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचा अभ्यास करून त्याच्या भवितव्याविषयी फारशी आशा व्यक्त केली नव्हती. एकच पीक, वेगाने वाढणारी लोकसंख्या आणि जवळ कोणतीही मोठी बाजारपेठ नाही, या तिन्ही गोष्टी त्यांना दिसत होत्या आणि त्या खऱ्याच होत्या. देशाने त्यावर जो मार्ग काढला तो दुसऱ्यांच्या नियमांत मिळालेल्या सवलतींचा होता. युरोपने साखरेला ठरावीक कोट्यापर्यंत जागतिक भावापेक्षा चढा दर दिला. 1970 च्या कायद्याने निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभे राहिले आणि कापडाच्या जागतिक कोटा पद्धतीमुळे, म्हणजे कोणत्या देशाने किती कापड विकायचे यावरच्या मर्यादेमुळे, हाँगकाँगच्या कारखानदारांना इथे येऊन शिवणकाम करणे परवडू लागले. साखरेतून साठलेले स्थानिक भांडवलही त्यात उतरले. शतकाच्या अखेरीस या कारखान्यांत सुमारे 90 हजार लोक काम करत होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते.

मग दोन्ही आधार जवळपास एकाच वेळी काढून घेतले गेले. कापडाची कोटा पद्धत 2004 अखेर संपली आणि युरोपने साखरेचा हमी दर 2006 नंतर टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी कमी केला. निर्यात क्षेत्रातील नोकऱ्या 70 हजारांच्या खाली आल्या. एकेकाळी वर्षाला 6 लाख टनांहून अधिक साखर करणाऱ्या या देशात आज फक्त 3 साखर कारखाने उरले आहेत.

वर्गात हा भाग शिकवताना मी नेहमी थांबतो, कारण इंदूरच्या मुलांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आमचे शहरही कापडाच्या मिल्सवर वाढले आणि त्या बंद पडल्यावर व्यापार, शिक्षण, दवाखाने, कोचिंग आणि संगणकाच्या कामांवर उभे राहिले. माझे वडील ज्या मिलमध्ये होते तिचा भोंगा थांबला तेव्हा मी शाळेत होतो. शहर पुढे गेले हे खरेच आहे. पण भोंगा थांबल्यावर साच्यावरचा कामगार कोचिंगच्या वर्गात शिकवायला गेला नाही. तो रखवालदार झाला, हातगाडीवर पोहे विकू लागला किंवा घरी बसला. अर्थव्यवस्था एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात 'सरकली' असे आपण सहज लिहून जातो. माणसे तशी सरकत नाहीत. मॉरिशसमध्ये शिवणकाम सुटलेल्या बायकांपैकी ज्यांना पुन्हा काम मिळाले त्यांतल्या अनेकींना ते हॉटेलांत, दुकानांत आणि घरकामात मिळाले. 2020 मध्ये काय घडले ते समजण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

2019 पर्यंत चित्र असे होते. सकल उत्पादनात सेवांचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश, कारखानदारीचा बारा-तेरा टक्के, शेतीचा तीन-चार टक्के. त्या वर्षी 13 लाख 83 हजार पर्यटक आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा अधिक. पर्यटनावर प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष अवलंबून असलेले रोजगार एकूण रोजगाराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास होते. दुसरा मोठा आधार वित्तीय सेवांचा, सुमारे एक-अष्टमांश उत्पादनाचा. बाहेरच्या देशांतील कंपन्या इथे नोंदणी करून तिसऱ्या देशात, बहुतेक वेळा भारतात, गुंतवणूक करत आणि त्यांचे हिशेब, कायदेशीर कामे व बँक व्यवहार इथल्या कचेऱ्या सांभाळत. या व्यवसायाची मुळे भारताशी झालेल्या दुहेरी करटाळणी करारात, म्हणजे एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांनी कर घेऊ नये अशा करारात, होती. शेअर विकून झालेल्या नफ्यावर फक्त मॉरिशसने कर घ्यावा असा तो करार होता आणि मॉरिशस असा कर घेतच नव्हता. 2016 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरांच्या बाबतीत हा फायदा काढून घेतला. म्हणजे साखर आणि कापड यांच्याप्रमाणेच हाही आधार दुसऱ्याच्या कायद्यात रोवलेला होता आणि तो साथीच्या आधीच हलू लागला होता.

सीमा बंद

मार्च 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात सीमा बंद झाली आणि देशभर संचारबंदी लागली. सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेही बंद होती. ती उघडल्यावर आडनावाच्या पहिल्या अक्षरानुसार ग्राहकांचे वार ठरवून देण्यात आले. जो देश अन्नधान्याचा फार मोठा हिस्सा आणि सगळे खनिज तेल आयात करतो, त्या देशात सीमा बंद करण्याचा अर्थ वेगळा असतो. माणसे येणे थांबले तरी मालाची जहाजे येतच राहावी लागतात आणि त्या मालाचे पैसे परकीय चलनात द्यावे लागतात. खर्च डॉलरमध्ये चालू राहिला आणि डॉलर आणणारा पाहुणा थांबला.

एप्रिलमध्ये एअर मॉरिशस प्रशासकांकडे गेली. 2020 मध्ये एकूण 3 लाख 9 हजार पर्यटक आले, तेही जवळजवळ सगळे पहिल्या अडीच महिन्यांत. 2021 मध्ये सुमारे 1 लाख 80 हजार. हॉटेल आणि खानपान क्षेत्राचे उत्पादन 2020 मध्ये दोन-तृतीयांशाने आक्रसले. संपूर्ण अर्थव्यवस्था त्या वर्षी 15 टक्क्यांच्या आसपास घटली. अशी घट युद्ध नसलेल्या देशात क्वचितच पाहायला मिळते.

त्यातच 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढले आणि काही दिवसांनी सुमारे 1,000 टन इंधन तेल खाजणात पसरले. लोकांनी कापडी नळ्यांत उसाचे पाचट भरून तेल अडवण्यासाठी बांध घातले. त्या किनाऱ्यावरच्या मासेमारीचे नुकसान झाले.

'सेवा' हा एकच शब्द पुरत नाही

आता या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. त्याच 2020 मध्ये, ज्या वर्षी हॉटेले दोन-तृतीयांशाने आक्रसली, वित्तीय सेवांचे क्षेत्र किंचित का होईना, वाढले. एबेन या कचेऱ्यांच्या उपनगरातल्या इमारतींतली माहिती तंत्रज्ञानाची कामेही थांबली नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात हॉटेल आणि हिशेबाची पेढी दोन्ही 'सेवा' या एकाच मथळ्याखाली येतात. पण एकीचे गिऱ्हाईक स्वतः दारात यावे लागते आणि दुसरीचे काम तारेवरून जाते. सीमा बंद झाल्यावर पहिली पूर्ण ठप्प झाली आणि दुसरी घरून चालू राहिली. म्हणून 'या देशाचे 75 टक्के उत्पन्न सेवांचे आहे' हे वाक्य आर्थिक परिचय म्हणून मला अपुरे वाटते. त्यातला किती भाग गिऱ्हाइकाच्या येण्यावर उभा आहे, हे सांगितल्याशिवाय तो देश किती मजबूत आहे याचा अंदाज बांधता येत नाही.

इंदूरमध्ये त्याच महिन्यांत हेच दिसत होते. रात्री सोने-चांदीची दुकाने मिटल्यावर जिथे खाऊगल्ली जागी होते तो सराफा अंधारात होता, छप्पन दुकानवर शटर खाली होते आणि त्याच वेळी विजय नगरच्या बाजूला राहणारी संगणक क्षेत्रातली मुले घरून काम करून पूर्ण पगार घेत होती. शहर तेच आणि तक्त्यातला मथळाही तोच.

दोन्ही प्रकारच्या सेवांत कोण काम करते, हा यातला बोचरा भाग आहे. तारेवरून जाणाऱ्या सेवांसाठी पदवी आणि इंग्रजी-फ्रेंच लागते. दारातल्या सेवांमध्ये कमी शिकलेल्यांना जागा असते. मॉरिशसमध्ये शिवणकाम सुटलेल्या ज्या स्त्रिया हॉटेलांच्या खोल्या आवरू लागल्या होत्या, त्यांच्या वाट्याला पंधरा वर्षांत दुसऱ्यांदा बंद दार आले. देशाची बेरोजगारी 2019 मध्ये सात टक्क्यांच्या आत होती, ती 2020 मध्ये नऊच्या वर गेली. हा आकडा यापेक्षा वाईट का झाला नाही, ते पुढे पाहू.

तारेवरच्या सेवाही निर्धास्त होत्या असे मात्र नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये, म्हणजे साथीच्या तोंडावर, फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मॉरिशसला निगराणी यादीत टाकले आणि ऑक्टोबरपासून युरोपीय संघाच्या जोखमीच्या देशांच्या यादीतही ते नाव आले. या व्यवसायाचे भांडवल म्हणजे पत. ती सावरण्यासाठी कायदे, तपास यंत्रणा आणि देखरेख यांत झपाट्याने बदल करावे लागले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये मॉरिशस निगराणी यादीतून बाहेर पडले. सीमा पूर्ण उघडल्याचा महिनाही तोच.

पैसा कुठून आला

राज्याने केलेली पहिली गोष्ट म्हणजे वेतन साहाय्य योजना. मालकाने कामगाराला कामावर ठेवावे आणि पगाराचा काही भाग सरकारने द्यावा, अशी ती होती. स्वतःचा लहान धंदा करणाऱ्यांना स्वतंत्र योजनेतून महिना 5,100 मॉरिशस रुपये मिळाले. संचारबंदी उठल्यावर इतर क्षेत्रांतली मदत थांबली, पर्यटनातली मात्र सीमा उघडेपर्यंत चालू राहिली. या योजनेमुळे हॉटेले रिकामी असूनही बहुतेक कामगारांचे नाव हजेरीपटावर राहिले. जी यंत्रणा हे पैसे आठवड्यांच्या आत लोकांच्या खात्यांत पोहोचवू शकली ती एकाएकी उभी राहिलेली नव्हती. सार्वत्रिक वृद्धापकाळ वेतन 1950 च्या दशकापासून, मोफत माध्यमिक शिक्षण 1977 पासून आणि मोफत सरकारी वैद्यकीय सेवा इतकी जुनी, की प्रत्येक घराचा राज्याशी नोंदीतला संबंध आधीपासून होता. माझ्या मते या प्रकरणातला हाच भाग अनुकरण करण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट वादाची आहे. मध्यवर्ती बँकेने कायद्यात बदल करून सरकारला 60 अब्ज मॉरिशस रुपये दिले, कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून. ही रक्कम त्या वर्षीच्या सकल उत्पादनाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास होते. शिवाय 80 अब्ज रुपयांची एक गुंतवणूक संस्था उभारून तिच्यामार्फत अडचणीतल्या मोठ्या कंपन्यांना, त्यांत हॉटेल समूहांनाही, भांडवल पुरवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने यावर स्पष्ट नापसंती नोंदवली, कारण मध्यवर्ती बँकेने सरकारचा खर्च भागवला की तिचे स्वातंत्र्य आणि चलनावरचा विश्वास दोन्ही पातळ होतात. विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना हा निर्णय योग्य वाटला. माझे मत असे आहे की सामान्य कामगारांसाठी जे केले ते टाळता येण्याजोगे नव्हते; पण हॉटेल समूहांना मध्यवर्ती बँकेच्या पैशातून सावरायचे होते तर त्यांच्या मालकांनी आधी आपला वाटा सोडायला हवा होता.

श्रीलंकेपेक्षा वेगळे काय घडले

2020 मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था 5 टक्क्यांपेक्षा कमी घटली, मॉरिशसची त्याच्या तिपटीहून अधिक. तरीही एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर करावे लागले ते श्रीलंकेला. पर्यटन दोघांचेही बुडाले होते, तेव्हा फरक दुसरीकडे शोधायला हवा.

2019 अखेर दोन्ही देशांची परकीय चलनाची गंगाजळी जवळजवळ सारखी, 7 अब्ज डॉलरच्या वर होती. पण श्रीलंकेची लोकसंख्या मॉरिशसच्या सुमारे 17 पट आहे. जी रक्कम मॉरिशसला वर्षभराच्या आयातीला पुरली असती ती श्रीलंकेला काही महिनेच पुरणारी होती. दुसरे असे, की मॉरिशस सरकारचे बरेचसे कर्ज देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधी यांच्याकडून आणि स्वतःच्या चलनात घेतलेले होते. श्रीलंकेने डॉलरमधले रोखे मोठ्या प्रमाणात विकले होते आणि 2019 च्या अखेरीस मोठी करकपातही केली होती. तिसरे कारण हुंडणावळीच्या दराचे. श्रीलंकेने मार्च 2022 पर्यंत डॉलरचा भाव 200 रुपयांच्या आसपास धरून ठेवला आणि तो धरण्यासाठी गंगाजळी खर्च केली. मॉरिशसनेही बाजारात डॉलर विकले, पण रुपयाला हळूहळू उतरू दिले. 2019 अखेर डॉलरला छत्तीस-सदतीस रुपये पडत, ते 2022 मध्ये चव्वेचाळीसच्या आसपास पडू लागले.

हा उतार फुकटचा नव्हता. आयातीवर जगणाऱ्या देशात रुपया उतरला की बाजारातली पिशवी महाग होते. 2022 मध्ये महागाईचा दर 10.8 टक्के झाला. युक्रेनमधल्या युद्धाने वाढलेले धान्य-तेलाचे भाव त्यात होतेच. श्रीलंकेत ज्याची किंमत रांगांमध्ये उभे राहून मोजली गेली, तिची मॉरिशसमध्ये किराण्याच्या बिलात मोजली गेली. मला दुसरा मार्ग कमी क्रूर वाटतो, परंतु तोही सर्वांत जड गरिबाच्याच खिशाला गेला.

नंतरची स्थिती

जुलै 2021 मध्ये लस घेतलेल्या पाहुण्यांना ठरावीक हॉटेलांच्या आवारातच राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून लसवंत प्रवाशांसाठी सीमा उघडली. 2022 मध्ये पर्यटकांची संख्या 10 लाखांच्या जवळ आली, 2023 मध्ये ती 12 लाख 95 हजार झाली. उघडल्यावर हॉटेलांना एक अडचण आली जिची आधी कोणी फारशी चर्चा केली नव्हती : कामगार मिळेनात. अनेक जण परदेशी जहाजांवर किंवा इतर देशांत गेले होते आणि त्यांच्या जागी परदेशी मजूर आणावे लागले.

आकड्यांबाबत एक इशारा विद्यार्थ्यांना द्यावा लागतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सत्ताबदल झाल्यावर नव्या सरकारने आधीच्या काळातील वाढीचे आणि तुटीचे आकडे वास्तवापेक्षा चांगले दाखवले गेल्याचा अहवाल मांडला. तो नव्या सत्ताधाऱ्यांचा अहवाल असल्याने तोही तपासूनच घ्यावा. परंतु 2022 नंतरच्या उभारीचे टक्के वापरताना हात राखावा हे बरे. पर्यटकांची संख्या आणि डॉलरचा भाव यांत तसा संशय घेण्यासारखे काही नाही, म्हणून या लेखात त्यांच्यावर अधिक भर आहे.

साथीच्या काळात सार्वजनिक कर्ज सकल उत्पादनाच्या 90 टक्क्यांच्या घरात गेले होते आणि पुढेही ते पुरेसे उतरले नाही. त्याचा हिशेब जून 2025 च्या अर्थसंकल्पात समोर आला. ज्या वृद्धापकाळ वेतनाचा उल्लेख वर अभिमानाने केला, तेच मिळण्याचे वय 60 वरून टप्प्याटप्प्याने 65 वर नेण्याची घोषणा झाली आणि तिच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. 2020 मध्ये चोपन्न वर्षांच्या असलेल्या एखाद्या हॉटेल कामगार स्त्रीचा विचार करा. तरुणपणी ती शिवणयंत्रावर बसली असेल, नंतर खोल्या आवरल्या असतील, सीमा बंद असताना सरकारच्या मदतीवर तिचा पगार चालू राहिला असेल. 2026 मध्ये ती साठीची होते, आणि जे वेतन तिच्या आईला साठाव्या वर्षापासून मिळत होते त्यासाठी तिला आता थांबावे लागणार आहे.